दुसऱ्यांदा जाताना



परमुलखात लढायला गेलेल्या मराठी शिपायांच्या स्मृतीला वाहिलेलं हे व्याख्यान कलकत्त्याच्या बालीगंजात होत आहे, याचं काहींना नवल वाटेल. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात वर्षानुवर्षं जाणाऱ्या मंडळींनाही हा भाग आठवतो तो जुन्या वाड्यांसाठी, कॉलेजांसाठी आणि गडियाहाटच्या बाजारासाठी. पण एकोणिसाव्या शतकात बालीगंज म्हणजे शहराबाहेरचं मोकळं रान होतं, आणि तिथे गव्हर्नर जनरलच्या बॉडीगार्ड रिसाल्याची छावणी होती. राजधानी दिल्लीला हलली तसा रिसालाही उत्तरेला गेला. बालीगंज मैदान कॅम्प हे नाव मात्र टिकलं, आणि तिथे लष्करही अजून आहे.

या छावणीची एक गोष्ट आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. १८११ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोने जावा बेट डचांकडून घ्यायला आरमार काढलं, तेव्हा या रिसाल्याचे स्वार जहाजावर चढले. नंतर ब्रह्मदेशाच्या लढाईतही ते गेले. जावा आणि आवा ही दोन नावं राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या युद्धसन्मानांत आजही आहेत. सन्मानांच्या यादीत जे येत नाही ते मला सांगायचं आहे. जावात गेलेल्या बंगाली पलटणींचा मुक्काम वाढतच गेला. आज परत नेतील, उद्या नेतील, करता करता वर्षं गेली. मग बातमी पसरली की बेट डचांना परत देणार आणि आपल्यालाही त्यांच्याच हवाली करणार. १८१५ मध्ये तिथल्या शिपायांचा कट उघडकीला आला आणि कित्येकांना गोळ्या घालण्यात आल्या. या माणसांनी समुद्र ओलांडायला नकार दिलेला नव्हता. ती एकदा गेली होती. त्यांना परत कधी नेणार, याचं उत्तर हवं होतं.

नऊ वर्षांनी इथून हाकेच्या अंतरावर, बराकपूरला, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ४७ व्या बंगाल पलटणीचे शिपाई मथुरेहून सुमारे हजार मैल पायी चालून आले होते. लगेच त्यांना ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर निघण्याचा हुकूम झाला. सामान वाहायला बैल मिळेनात, मिळाले तर परवडेनात. शिपायांनी जादा भत्ता मागितला, बैल मागितले. जहाजावर चढवणार नाही एवढं वचन मागितलं. १ नोव्हेंबर १८२४ ला त्यांनी कवायतीच्या मैदानावर हलायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी सरसेनापती सर एडवर्ड पॅजेटने त्यांच्यावर तोफा डागल्या. त्याने कलकत्त्याहून आणलेल्या फौजेत बालीगंजचा हा बॉडीगार्डही होता. पुढारी म्हणून बिंदा तिवारीला फाशी दिलं. बराकपूरला बिंदाबाबाचं देऊळ आहे, आणि तिथे लोक अजून फुलं वाहतात.

पहिल्यांदा लढाईवर जाणाऱ्यासाठी आपल्याकडे सगळं आहे. ओवाळणी आहे, पोवाडा आहे, वेशीपर्यंत येणारं गाव आहे. त्याच्याजवळ हिंमत असते, कुतूहल असतं, थोडी हौससुद्धा असते, कारण काय वाढून ठेवलंय ते त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. त्याने शेजारचा माणूस मरताना बघितलेला असतो, आणि तरी त्याला तिथेच परत जायचं असतं. घरच्यांचंही तसंच. पहिल्या वेळी आई नवस बोलते, पोरगा परत येतो, नवस फेडला जातो. दुसऱ्या वेळी तिला वाटतं, देवाकडे एकदा मागून घेतलंय, आता कुठल्या तोंडाने मागायचं? परदेशी लढलेल्या आपल्या शिपायांचे खरे हाल या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जाण्यात आहेत असं माझं ठाम मत आहे. पदक एका दिवसाच्या शौर्याला मिळतं. चार वर्षं रजा न मिळता एका आघाडीवरून दुसरीकडे जात राहण्याला पदक नाही.

बंगाल लष्करातला शिपाई १८५६ च्या कायद्यापर्यंत समुद्रापार जायला नाही म्हणू शकत होता, निदान कागदावर तरी. मुंबई लष्करातल्या आपल्या माणसाला ती सवलत नव्हती. भरती होतानाच तो कुठेही जायला बांधलेला असे. म्हणून इराण, ॲबिसिनिया, एडन ही नावं रत्नागिरी आणि साताऱ्याच्या खेड्यांत शाळा येण्याआधी पोचली. माणसं पलटणीत का जात, यावर शौर्याच्या परंपरेचं भाषण पुष्कळ झालेलं आहे. परंपरा होतीच, ती मी नाकारत नाही. पण कोकणात भाताचा तुकडा भावाभावांत वाटला जाऊन इतका लहान झाला होता की एकाने मुंबईला गिरणीत आणि एकाने पलटणीत गेल्याशिवाय उरलेल्यांच्या तोंडात घास पडत नव्हता. पहिल्या महायुद्धात शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्यातली मनीऑर्डर आली की सावकाराचं व्याज, देवीचा नैवेद्य, सारा, सगळं त्यातूनच.

महार समाजाचा अनुभव त्याहून कडू आहे. पिढ्यान्पिढ्या पलटणीत असलेल्या या लोकांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली गेली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाने अर्जविनंत्या केल्या. महायुद्धात माणूसबळ कमी पडलं तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, म्हणजे पुन्हा महायुद्ध आल्यावर. गरजेला बोलवायचं आणि गरज सरली की घरी धाडायचं, हा एका अख्ख्या समाजावर झालेला अन्याय आहे, आणि तो नुसत्या शिपाईगिरीच्या इतिहासात बसवून चालणार नाही.

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेयला उतरली. त्यात किरकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. मराठे, शीख, मुसलमान असे तिथले जवान. खणायला, पूल बांधायला शिकवलेले हे लोक. २८ ऑक्टोबरला न्यूव शापेल गावावर त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळासारखं सोडलं. ते गावात घुसले, घराघरांतून लढले आणि मागे आले तेव्हा त्यांचा एकही इंग्रज अधिकारी धड उरला नव्हता. शिपाई किती गेले त्याची मोजदाद त्या चिखलात दुसऱ्या दिवशी झाली.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. जखमी हिंदी शिपायांना इंग्लंडात ब्रायटनला नेलं. राजवाड्यात इस्पितळ केलं, जातवार स्वयंपाकघरं केली, छायाचित्रं काढली. शिपायाची साधी समजूत अशी की अंगावर जखम घेतली, मिठाला जागलो, आता घरी. मग कळलं की जखम भरली की पुन्हा खंदकात. इथे त्याचं मन मोडलं. फ्रान्समधल्या आपल्या लोकांची पत्रं बूलोन्यला तपासली जात, आणि त्या पत्रांत ही एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. जखमी हिंदी शिपायांच्या देखभालीसाठी किचनेरने नेमलेल्या सर वॉल्टर लॉरेन्सनेही ती वर कळवली. उघड लिहिता येत नसे म्हणून लोक आडून लिहीत: काळी मिरी संपत आली, आता लाल मिरी वापरावी लागतेय, अशा धाटणीचं. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, हे तपासनिसाला कळायला वेळ लागला नाही.

त्याच वेळी वरच्यांना संशय, की हे लोक परत जायला नको म्हणून स्वतःच हातावर गोळी झाडून घेतात. ब्रायटनच्या किचनेर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमा तपासल्या आणि संशयाला आधार नसल्याचा अहवाल दिला. एवढं बरं झालं, की एका माणसाने मोजून पाहिलं. पण ज्याच्या हाताला खरी गोळी लागली होती आणि ज्याच्याकडे डॉक्टर महिनोन् महिने चोर म्हणून बघत होते, त्याची भरपाई अहवालाने झाली नाही. मनाला झालेली दुखापत तर त्या काळी हिंदी शिपायाच्या बाबतीत कुणी फारशी लिहूनच ठेवली नाही. गोऱ्या अधिकाऱ्याला धक्का बसे, आपला माणूस भेकड ठरे.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून काढलं. शिपायांना वाटलं, सुटलो. जहाजं सुएझमधून बाहेर पडली आणि मुंबईऐवजी बसऱ्याकडे वळली. कारण मेसोपोटेमियात कूतला दुसरं हिंदी सैन्य अडकलं होतं, आणि त्यात तीन मराठा पलटणी होत्या.

कूतवर मी जरा थांबणार आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१४ पासून हे सैन्य तैग्रिसच्या काठाने वर सरकत होतं; शैबा, अमारा, कूत, आणि बगदादच्या दारात टेसिफॉन. तिथे नोव्हेंबर १९१५ मध्ये मार खाऊन मागे फिरलं. टेसिफॉनचे जखमी नदीतून खाली आणले तेव्हाचं एक दृश्य मेसोपोटेमिया कमिशनच्या नोंदीत कायमचं राहिलं आहे. बसऱ्याला वाट पाहत उभे असलेले मेजर कार्टर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर. मेजिदिये नावाची बोट येताना त्यांना लांबून दिसलं की कठड्यावरून दोरखंड लोंबताहेत. बोट जवळ आल्यावर कळलं की हगवणीने बेजार झालेल्या, जागचं हलता न येणाऱ्या जखमी माणसांची ती वाळलेली घाण होती. डेकवर पांघरूण नाही, मलमपट्टी कित्येक दिवस बदललेली नाही, जखमांत किडे. कार्टरनी हे लिहून कळवलं तर त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. या बोटीवरच्या ज्या शिपायांचे हातपाय शाबूत राहिले, त्यांना बरं करून पुन्हा त्याच नदीवर पाठवलं गेलं.

आणि जे कूतमध्ये अडकले त्यांचं काय झालं? ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने वेढा. तिथला एक तपशील डॉक्टरांना ठाऊक असेल. इंग्रज शिपाई पांढऱ्या पिठाच्या पावावर होता, त्याला बेरीबेरी झाला. आपला माणूस आट्यावर होता, तो बेरीबेरीतून वाचला; पण त्याच्या शिध्यात ताजी भाजी नव्हती, मांस नव्हतं, म्हणून त्याच्या हिरड्या सुजल्या, दात हलले, जुन्या जखमा उकलल्या. घोडे कापायला सुरुवात झाली तेव्हा बहुसंख्य हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. वरिष्ठ चिडले. टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या. शिपायांची अडचण वेगळीच होती. तार लढाईपुरती, परत गेल्यावर गाव वाळीत टाकेल, पोरींना स्थळं येणार नाहीत. उद्या मरू की परवा, हे माहीत नसताना ती माणसं घरी राहिलेल्या मुलींच्या लग्नाचा विचार करत होती. शेवटी एप्रिलमध्ये भुकेने बऱ्याच जणांनी खाल्लं, तेव्हा उशीर झाला होता.

शरणागतीनंतर तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली, त्यांतली बहुतेक आपली. अधिकाऱ्यांना वेगळं काढलं. शिपायांना बगदादवरून समारापर्यंत रेल्वेने आणि तिथून मोसुलमार्गे रास-अल-ऐनकडे उन्हातून पायी नेलं. जो मागे पडला तो तिथेच राहिला. रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेचं काम चालू होतं. जे पोचले ते रुळांच्या कामाला लागले.

त्या रास-अल-ऐनच्या इस्पितळात या शहराचा एक मुलगा होता. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी, कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकलेला डॉक्टर, मिलिटरी क्रॉस मिळवलेला. कूतच्या वेढ्यात तो होता, कैदेत गेला, कैद्यांची शुश्रूषा करताना तापाने १८ मार्च १९१७ ला वारला. त्याच्या पत्रांत साम्राज्याच्या लोभावर इतकी स्पष्ट टीका आहे की ती तपासनिसांच्या हातून कशी निसटली याचं आश्चर्य वाटतं. ती पत्रं आपल्याला वाचायला मिळतात त्याचं श्रेय त्याच्या आजीला आहे. मोक्षदादेवी, काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या भगिनी. ऐंशीच्या घरातल्या या बाईने नातवाची पत्रं जुळवली, लढाईचे नकाशे-वृत्तांत वाचून समजावून घेतले आणि १९२८ मध्ये ‘कल्याण-प्रदीप’ हा ग्रंथ छापला. त्याच कैदेतून सुटलेले शिशिर सर्वाधिकारी यांनी टिपणं फाडून बुटात लपवली, आणि सुमारे चाळीस वर्षांनी त्यांतून ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक झालं. बंगालला या युद्धाची आतली बाजू कळते ती या दोघांमुळे. मराठी वाचकाने ही पुस्तकं परक्या भाषेतली म्हणून बाजूला ठेवू नयेत. कल्याणकुमारने ज्यांच्या नाड्या पाहिल्या, शिशिरबाबूंनी ज्यांना पाणी पाजलं, त्यांत सातारा-रत्नागिरीची माणसं होती.

आपल्याकडे आजीला लिहिता येत नव्हतं. जिचा नवरा कूतला होता त्या बाईचं पत्र गावचे मास्तर लिहीत. ती ओटीवर खाली बसे, मास्तर खुर्चीवर, सासरा शेजारी, दारात दोन पोरं आणि पोस्टमन. त्यात ती काय सांगणार? सर्व खुशाल आहे, पाऊस बरा आहे, बैल एक मेला, पैसे पोचले. थोरल्या दिराची नजर चांगली नाही, हे ती मास्तरांना कसं सांगणार? मूल जाऊन तीन महिने झाले, हे सासऱ्याने लिहू नका म्हटलं तर तिने कुठे सांगायचं? तिकडून येणारं पत्रही दुसऱ्या कुणी लिहिलेलं, तिसऱ्याने तपासलेलं आणि चौथ्याने मोठ्याने वाचलेलं. नवरा-बायको चार-चार वर्षं एकमेकांशी बोलत होती आणि एकही शब्द दोघांपुरता नव्हता. तो एकदा येऊन गेला असेल तर आणखी अवघड. महिना-दीड महिन्याची रजा, त्यात नातेवाईक, देवदर्शन, कर्जाचे हिशेब. धाकटं मूल बापाला बघून आईच्या पदराआड लपलेलं. ते जरा अंगावर यायला लागलं की बोलावणं आलंच.

जे तिला पत्रात सांगता आलं नाही ते तिने पहाटे जात्यावर बसून सांगितलं. गी प्वाटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. आपल्या बायकांच्या मनाचं एवढं मोठं दप्तर दुसरीकडे कुठेही नाही. लष्करी इतिहास लिहिणाऱ्यांनी ते उघडलं पाहिजे असं मी आग्रहाने म्हणेन.

जे परतले त्यांना तरी घर मिळालं का? १९१८ चा पाऊस फसला होता, धान्य महागलं होतं. मुंबई बंदरातून आलेली इन्फ्लुएंझाची साथ इलाख्यात खेडोपाडी पसरली. देशभरात कोटीच्या वर माणसं गेली. बंदुकीच्या तोंडून वाचून आलेल्या कित्येकांना दार उघडायला कुणी नव्हतं. आणि सगळे परतलेही नव्हते. युद्धबंदी झाली तरी इराकचा ताबा ठेवायला हिंदी पलटणींना तिथेच ठेवलं. १९२० चं तिथलं बंड मोडायलाही मुख्यतः त्याच वापरल्या.

दुसऱ्या महायुद्धात मी एकाच पलटणीचा माग काढतो. कूतला शरण गेलेली ११० वी मराठा पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. १९४१ च्या मार्चमध्ये ती एरिट्रियातल्या केरेनच्या उघड्या डोंगरावर चढली आणि फ्लॅट टॉप नावाचा माथा घेतला. ते संपल्यावर तिला मध्यपूर्व, आणि मग १९४४ मध्ये इटली. १० जुलै १९४४ ला तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या हाताखालचे सगळे जवान एका मशीनगनने पाडले. ते एकटे पुढे गेले, मशीनगनवर ग्रेनेड टाकला, एकाला गोळीने मारलं, काडतुसं बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्यांवर घातली, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस पत्नीच्या हाती आला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत माँतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने छायायंत्राचं स्मारक उभारलं. हा सन्मान मोठा आहे. तरीही त्या मुलाने केरेनच्या डोंगरापासून तैबरपर्यंतच्या लढायांत मुरलेल्या पलटणीबरोबर तो शेवटचा चढ चढला, हे पुतळ्याकडे बघताना लक्षात असू द्यावं. रेजिमेंटची दुसरी पलटण, काळी पांचवी, ही उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात होती; ती जून १९४२ मध्ये तोब्रुकला शरण गेली आणि तिचे जवान इटलीतल्या कैदछावण्यांत पोचले.

त्याच काळात या बालीगंजच्या फुटपाथवर काय चाललं होतं ते इथल्या वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्या आईबापांकडून ऐकलं असेल. १९४३ चा दुष्काळ. दारोदार भाताची पेज मागत आलेली खेड्यांतली माणसं. बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास बळी. आपल्याकडे विजापूर भागात दुष्काळ होता, कोकणात धान्याची ओरड होती. मध्यपूर्वेत आणि इटलीत असलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांत तेव्हा एकच घोर आहे, आणि पत्र तपासणाऱ्यांच्या अहवालांतही तो नोंदलेला आहे: पैसे पाठवतोय, पण त्या पैशांत घरी धान्य मिळतंय का? शिपायाचा सरकारशी असलेला व्यवहार सरळ होता. मी इकडे मरायला तयार राहीन, तुम्ही तिकडे माझ्या पोरांना जगवा. १९४३ मध्ये सरकारने आपली बाजू पाळली नाही. शिपाई आघाडीवर राहिला.

स्वातंत्र्यानंतर ही तिसरी मराठा पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ ला ती टांगाईलला विमानातून उतरली आणि सोळा तारखेला तिचे जवान ढाक्यात होते. इथून विमानाने अर्ध्या तासावरची ती भूमी, आणि त्या दिवशी मराठी जवानांना बंगाली लोकांनी खांद्यावर घेतलं. परमुलखात गेलेल्या आपल्या शिपायाला लोकांनी मनापासून आपलं म्हटल्याचे प्रसंग थोडे आहेत, हा त्यांतला एक.

त्याच्या अगदी उलट श्रीलंकेचं. जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना गेली, थोड्या दिवसांचं काम म्हणून. ज्या तमिळांचं रक्षण करायचं त्यांच्याच मुलांशी लढण्याची वेळ आली. बाराशेच्या आसपास जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांची राजकीय कारणं असतील. पण जहाजातून उतरणाऱ्या जवानाने आपल्याला कुठे पाठवायचं ते ठरवलं नव्हतं; तो हुकमाने गेला आणि हुकमाने आला. धोरणाचा राग त्याच्यावर काढणं मला सर्वस्वी चुकीचं वाटतं. त्यातल्या पुष्कळ पलटणींना घरी टेकायलाही न देता पुढे काश्मीर होतंच.

आता एक काम सांगून थांबतो. बसऱ्याच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्या, थडगं न मिळालेल्या चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. इंग्रज शिपायाचं नाव कोरलेलं आहे. हिंदी अधिकाऱ्याचं आहे. हिंदी शिपायाचं नाही. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. सद्दाम हुसेनच्या हुकमावरून १९९७ मध्ये हे स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केलं की आफ्रिकी आणि आशियाई सैनिकांच्या स्मरणात भेदभाव झाला, आणि किमान एक लाख सोळा हजार जणांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत.

नावं नष्ट झालेली नाहीत. आयोगाच्या नोंदी संगणकावर शोधता येतात, आणि पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत बऱ्याचदा बायकोचंही नाव आहे. गावांची नावं इंग्रजी कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली, त्यामुळे ती ओळखायला त्या तालुक्याचा माणूस लागतो. दुसरीकडे साताऱ्याच्या अपशिंग्यापासून कोकणातल्या वाड्यांपर्यंत चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके मेले. तिथे आकडा आहे, नाव नाही. आयोगाच्या यादीतली नावं आणि पाटीवरचे आकडे जुळवायचे, घरोघरच्या ट्रंकांत असलेली डिस्चार्ज बुकं, पेन्शनची कागदपत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या त्यांच्याशी ताडून बघायच्या, आणि कोण किती वेळा गेला तेही लिहायचं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचं गाव खेड, दापोली, महाड, पाटण, कोरेगाव, चंदगड किंवा खानापूर आहे त्यांनी या मे महिन्यात गावी गेल्यावर चावडीच्या पाटीचा फोटो काढावा आणि हे व्याख्यान भरवणाऱ्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावा. कूतच्या तीन पलटणींपासून सुरुवात करू.